सरकारला दालचिनीचा वास

मर्ल स्टॉकर्डचं घर गावाच्या टोकाला होतं आणि गाव ऑरेगनच्या टोकाला. त्याच्या फाटकापलीकडे फक्त सेजची खुरटी झुडपं, गुरांसाठी ताणलेल्या काटेरी तारा आणि वारा. मर्लकडे कुणी आलंच, तर तो एक तर वाट चुकलेला असायचा, नाही तर देवाची पुस्तकं वाटत फिरणारा. त्या पुस्तकवाल्यांनाही मर्लने कॉफीवर कॉफी पाजून इतका वेळ बसवून ठेवलं, की शेवटी त्यांनीच यायचं सोडलं. धर्मप्रचारकांना कंटाळा आणणारा माणूस म्हणून त्याची गावात ख्याती होती.

त्याची बायको नोरीन शेजारच्या राज्यात, बॉइझीला, मुलीच्या बाळंतपणासाठी गेली होती, दोन आठवड्यांसाठी. ते बाळ आता शाळेत जात होतं. भांडण नाही, तंटा नाही, घटस्फोट नाही. ती नुसतीच परत आली नाही. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, गोळ्या घेतोस ना, बरं ठेवते. तिचा थंडीचा कोट अजून दारामागच्या खुंटीवर होता. कुणी विचारलं तर मर्ल म्हणायचा, "येईल की, कोट इथंच आहे ना तिचा." नोरीनने तिकडे दुसरा कोट घेतला असेल, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं, पण मर्लला तोंडावर कोण सांगणार?

आयुष्यभर त्याने शाळेची बस चालवली. मागे पोरांचा इतका गलका, की घरी आल्यावर त्याला शांतता हवीशी वाटायची. मग शाळेत पोरं उरली नाहीत, बस बंद झाली, आणि हवी होती त्याच्या कैक पट शांतता त्याच्या पदरात पडली. बंदुकांचा नाद त्याला पहिल्यापासूनचा. दुरुस्त्या करायचा, हरणांच्या हंगामाआधी लोकांच्या रायफली साफ करून द्यायचा. विक्रेत्याचा सरकारी परवानाही त्याने कधीतरी काढून ठेवला होता. गॅरेजच्या दारावर हातभर पाटी होती, एवढंच दुकान.

आणि मग राज्याने तो कायदा केला.

त्याआधी आमच्याकडे बंदूक विकायची म्हणजे पिकअपच्या मागच्या फळीवर ठेवायची, दोघांनी मिळून तिच्याकडे बघायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि हात मिळवायचा. आता शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकली तरी दोघांनी बंदुकीसकट परवानेवाल्याकडे जायचं. त्याने राजधानीत फोन लावायचा. घेणाऱ्यावर काही गुन्हा आहे का, कोर्टाची बंदी आहे का, हे तिकडून बघून सांगणार, आणि मगच हात मिळवायचा. गाव भडकलं. चाऱ्या-बियाण्याचं दुकान चालवणारा रॉय डेन्सन तर म्हणाला, "उद्या बायकोला फुलं द्यायलाही फोन करावा लागेल." बायको म्हणाली, "आधी फुलं आण तर."

सगळ्यात जास्त भडकला मर्ल. त्याने प्लायवूडच्या फळीवर लाल रंगात लिहिलं, 'हा कायदा आम्हाला मान्य नाही', आणि ती फळी फाटकाच्या कमानीवर ठोकली. त्याच आठवड्यात त्याचा फोन वाजला. "मर्ल, शनिवारी आहेस का घरी? ते तपासणीचं काम होतं."

पंचक्रोशीत परवाना असलेला मर्ल एकटाच. त्याच्यापुढचं दुकान म्हणजे तालुक्याच्या गावी, जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडणार. त्यामुळे त्या लाल फळीखालून एकामागून एक पिकअप आत येऊ लागल्या. कायद्याला शिव्या देत देत लोक स्वयंपाकघरात बसायचे. एक विकणारा, एक घेणारा आणि मधे मर्ल.

पहिल्या खेपेला मर्लने भिंतीवरच्या फोनवरून सगळी माहिती सांगितली. चार-पाच मिनिटांत पलीकडची बाई म्हणाली, ठीक आहे. दोघांनी हॅट डोक्यावर ठेवल्या आणि निघाले. मर्ल त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. परत आला तेव्हा त्याने तिघांसाठी लावलेली कॉफी नुकती कुठे खाली उतरली होती. ती त्याने एकट्याने संपवली. त्या रात्री झोप आली नाही, ती कॉफीमुळेच असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या खेपेला पलीकडच्या बाईने ठीक आहे म्हटलं, फोन ठेवला, मर्लने मात्र ठेवला नाही. रिसीव्हर कानालाच ठेवून तो म्हणाला, "हं. थांबतो." मग पाहुण्यांकडे वळून, तोंड वाकडं करून, "लाइन बिझी आहे. बसा, बसा. सरकारी काम, चालायचंच."

ते बसले. सरकारला शिव्या घातल्या. मग गुरांचं निघालं, मग पावसाचं, मग मर्लच्या बसमधे कोण पोरगी कुणाच्या शेजारी बसायची त्याचं. मर्ल मधून मधून मुक्या रिसीव्हरमधे "हो हो, आहे मी" असं म्हणायचा.

पुढे त्याने यात प्रगती केली. नुसत्या कॉफीवर माणूस किती बसणार? म्हणून तो केक करायला शिकला, सफरचंदाचा, वरून दालचिनी. पाहुण्यांची पिकअप फाटकात वळली की केक ओव्हनमधे जायचा. भाजायला तासभर लागायचा. आणि योगायोग असा, की केक बाहेर आला की राजधानीतूनही मंजुरी यायची. गरम तुकडा खाल्ल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मर्लकडे जायचं म्हणजे दीड तास मोडला, असं गावात पक्कं झालं. लोक कायद्यावर जास्तच चिडले. केकवर कुणी चिडलं नाही.

हे एकदाच कुणाच्या तरी लक्षात आलं. ट्रूडी हॅस्केल शाळेत स्वयंपाक करायची. वडील गेल्यावर त्यांची शॉटगन विकायला ती आली होती. गावात या कायद्याच्या बाजूने उघड बोलणारी ती एकटीच, आणि तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला बंदूक बाळगायला कोर्टाची बंदी होती. त्याने पेपरातली जाहिरात बघून एका अनोळखी माणसाकडून, कुठल्याशा पार्किंगमधे, पाच मिनिटांत बंदूक घेतली. पुढचं गावाला माहीत होतं. तिच्या बहिणीची कबर चर्चच्या मागे आहे.

ट्रूडीने त्या दिवशी केक खाल्ला, तोंड पुसलं आणि दारात थांबून म्हणाली, "मर्ल, तुझ्या सरकारला दालचिनीचा वास येतो रे."

मर्ल कानापर्यंत लाल झाला. पण ती कुणाला काही बोलली नाही.

एलोर्दी आला तो हिवाळ्यात. बेनात एलोर्दी, मेंढ्यांवाला. त्याचा आजा स्पेनकडच्या बास्क मुलखातून इथे मेंढ्या राखायला आला आणि मेंढ्या सोडून कुठे जाणार म्हणून इथेच राहिला. मर्लचं आणि त्याचं शाळेपासूनचं. पण एलोर्दी तसा घुम्या. रस्त्यात भेटला तर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा, तेवढाच रामराम. त्याला घरात बसवून घ्यायचं म्हणजे रानातलं जनावर अंगणात आणण्यासारखं. त्या दिवशी तो आपली रायफल रॉय डेन्सनला विकायला आला, तेव्हा मर्लने केकमधे एक सफरचंद जास्तीचं घातलं.

"मर्ल, लवकर आटप हं," एलोर्दी उभ्या उभ्याच म्हणाला. "माइते झोपलीय. उठायच्या आत घरी पोचायचंय."

माइते त्याची बायको. तिच्या नाकाला प्राणवायूची नळी लावलेली असायची. गावाला माहीत होतं, मर्लला माहीत होतं.

मर्लने फोन लावला. मंजुरी आली, नेहमीसारखी. त्याने ओव्हनकडे पाहिलं. केक अजून वरही आला नव्हता. त्याने एलोर्दीकडे पाहिलं. एलोर्दी चक्क खुर्चीच्या कडेवर टेकला होता.

"बिझी आहे," मर्ल म्हणाला. "होईल एवढ्यात."

ती दुपार मर्लला पुढे कितीतरी दिवस पुरली. एलोर्दीने आजोबांच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. हसला. रॉय म्हणाला, "च्यायला, ह्याला दात आहेत की!" मधे दोनदा एलोर्दीने घड्याळ बघितलं. दोन्ही वेळा मर्ल रिसीव्हरमधे म्हणाला, "हो हो, आहे मी."

माइते वसंतात गेली.

त्याच उन्हाळ्यात राजधानीतून आमदारांची एक समिती आमच्या शाळेच्या जिममधे लोकांचं म्हणणं ऐकायला येणार असं ठरलं. त्यांच्यापुढे एक प्रस्ताव होता: दूरच्या तालुक्यांमधे तपासणीला फार वेळ लागत असेल, तर त्या तालुक्यांना कायद्यातून वगळावं. रॉय नाचतच मर्लकडे आला.

"मर्ल, आता तुझ्यावर आहे सगळं! तू नुसतं उभं राहायचं आणि सांगायचं. तास-तास लाइन लागत नाही म्हणावं. तुझ्याशिवाय कोण सांगणार? तू तर रोज भोगतोस."

"तसं अगदी रोज नाही..."

"आता नम्रपणा नको. वगळतील आपल्याला, लिहून ठेव. मग कुणाला तुझ्या दारात ताटकळायला नको. तूही सुटलास."

रॉय गेला. मर्ल टेबलाशी बसून राहिला. कायदा त्याला खरंच मान्य नव्हता. फाटकावरची फळी खोटी नव्हती. आता कायदा जाईल, तो त्याच्या थापेने जाईल, आणि कायद्याबरोबर शनिवारही जातील. आणि खरं सांगितलं तर? तरी शनिवार जातीलच, वर गाव थुंकेल. कुठूनही हिशेब केला, तरी खुर्च्या रिकाम्याच राहत होत्या.

आदल्या दिवशी ट्रूडी आली. घरात आली नाही, फाटकावरच थांबली, त्या लाल फळीच्या खाली.

"उद्या बोलणार आहेस म्हणे."

"बोलावं लागणार."

"मला वाटलं होतं तुझा केक म्हणजे निरुपद्रवी गोष्ट आहे," ती म्हणाली. "एकटा माणूस आहे, करू दे. पण मर्ल, त्या पार्किंगमधे कुणी चार मिनिटं फोन केला असता ना..." तिने वर त्या फळीकडे पाहिलं. "मी तुझं नाव घेणार नाही. मी तशी नाही. तुझं तू बघ."

"तू बसतेस का जरा? कॉफी..."

"नको."

जिम भरून गेलं होतं. बास्केटबॉलच्या रिंगखाली लांब टेबल लावून आमदार बसले होते. बोलणाऱ्याला तीन मिनिटं. ती भिंतीवरच्या स्कोअरबोर्डवर उलटी मोजली जायची आणि संपली की मॅचचा भोंगा वाजायचा. पहिल्या भोंग्याला लोक हसले, मग सवय झाली. ट्रूडी बोलली. बहिणीबद्दल बोलताना ती कुणाकडे बघत नव्हती, रिंगकडे बघत होती. टाळ्या चार-दोनच वाजल्या, पण जिममधे कुणी खोकलंही नाही. रॉय बोलला, आपली माणसं आपल्याला माहीत आहेत, सरकारने आमच्या घरात नाक कशाला खुपसावं. त्याला टाळ्या भरपूर.

मग एलोर्दी उठला. हा बोलणार, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने हॅट छातीशी धरली होती.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "हिवाळ्यात मी रायफल विकायला गेलो. बायको आजारी होती. तिला सांगितलं होतं, उठशील तेव्हा मी असेन. तिकडे फोनची लाइन मिळेना. तासाच्या वर बसलो. घरी आलो तर ती कोट घालून पलंगाच्या कडेवर बसलेली. एकच बाही घातलेली. दुसरी जमली नव्हती. मला शोधायला निघाली होती. हाका मारून घसा बसला होता तिचा." त्याने मान वर करून पाहिलं. स्कोअरबोर्डवर अजून वेळ होता. "काही झालं नाही तिला त्या दिवशी. नंतर गेली ती. पण ती दुपार माझी होती. ती फोनवाल्यांनी घेतली. एवढंच सांगायचं होतं."

तो बसला. भोंगा वाजायची गरजच पडली नाही.

"मर्ल स्टॉकर्ड," अध्यक्षबाईंनी नाव पुकारलं.

मर्ल माईकपाशी गेला. रॉयने अंगठा उंचावून त्याला धीर दिला. स्कोअरबोर्डवर आकडे पळायला लागले आणि मर्ल नुसता उभा. मागून कुणीतरी ओरडलं, "लाइन बिझी आहे वाटतं!" लोक हसले.

"नसते," मर्ल म्हणाला.

"काय म्हणालात?" अध्यक्षबाई.

"लाइन. बिझी नसते. चार-पाच मिनिटं लागतात फोनला. कधी त्याहून कमी. बाकीचा वेळ... मी फोन नुसता कानाला धरून ठेवायचो. पलीकडे कुणी नसायचं." त्याने घसा खाकरला. "केक व्हायचा असायचा."

"केक?"

"सफरचंदाचा."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मिस्टर स्टॉकर्ड, म्हणजे तुम्ही कायद्याच्या बाजूने आहात?"

"छे!" मर्ल दचकून म्हणाला. "मी विरोधात आहे. फाटकावर फळी आहे माझ्या. पण लाइन बिझी नसते."

त्याने वळून एलोर्दीकडे बघायचा प्रयत्न केला. एलोर्दीच्या खुर्चीवर आता कुणी नव्हतं. जिमचं मागचं दार हळूहळू आपोआप बंद होत होतं. मर्लचा वेळ अजून शिल्लक होता, आणि तो संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला, भोंगा वाजेपर्यंत.

बाहेर रॉयने त्याला गाठलं. "आपल्याच पायावर धोंडा पाडलास, म्हाताऱ्या. आपल्या सगळ्यांच्या पायावर. आणि वर केक म्हणतोस!" ट्रूडी तिच्या गाडीपाशी होती. तिने मर्लकडे पाहिलं, मान डोलावली, थोडीशीच, आणि गाडी सुरू केली. तिलाही हा विजय घरी न्यावासा वाटला नसणार.

वगळायचा प्रस्ताव बारगळला. कायदा होता तिथेच राहिला, आणि मर्लचं घरही. तालुक्याला जायचा कंटाळा असल्यामुळे लोक येत राहिले, पण आता बसायचे नाहीत. हॅट डोक्यावर, हात खिशात. कुणी रॉयसारखा असला तर घड्याळ काढून हातात धरायचा. चार मिनिटं, ठीक आहे, गेले. मर्लने केक करणं सोडलं. दालचिनीची बाटली कपाटात मागच्या रांगेत गेली. फाटकावरची फळी तशीच होती. ऊन खाऊन तिचा लाल रंग गुलाबी झाला होता.

हरणांच्या हंगामाच्या तोंडावर एलोर्दीचा फोन आला. आपली शेवटची शॉटगनही तो रॉयलाच देत होता. ठरल्या वेळी दोन पिकअप आत आल्या. दोघं स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. एलोर्दी खिडकीपाशी, पाठ करून. मर्लने फोन लावला, आणि पलीकडून एक मधाळ आवाज म्हणाला, आमच्या सर्व लाइन्स सध्या व्यस्त आहेत, कृपया प्रतीक्षा करा. मग वाजंत्री सुरू झाली.

मर्लने रिसीव्हर कानावरून काढून बघितला, परत लावला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हंगामाच्या तोंडावर सगळ्या राज्याने एकदम बंदुका विकायला काढल्या होत्या बहुतेक.

"काय झालं?" रॉय म्हणाला.

"लाइन..." मर्ल म्हणाला. "बिझी आहे."

रॉय मोठ्याने हसला. ते हसू काही चांगलं नव्हतं. "कुठल्या फळाचा आहे आज?"

मर्लने रिसीव्हर पुढे केला. तो धरायला रॉय पुढे झाला नाही. एलोर्दी वळला, आला, त्याने रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला. वाजंत्री त्याने ऐकली. मर्लला वाटलं आता परत देईल. त्याने दिला नाही. भिंतीकडे तोंड करून तो तसाच उभा राहिला, बराच वेळ. रॉयने घड्याळ खिशात ठेवलं, बाहेर जाऊन आला, परत बाहेर गेला. ओव्हन थंड होता. मर्लने सवयीने तीन कप भरले होते, ते निवत गेले.

शेवटी पलीकडे कुणीतरी बोललं. एलोर्दीने रिसीव्हर मर्लच्या हातात दिला. मग चार मिनिटं, आणि ठीक आहे.

रॉय शॉटगन घेऊन निघून गेला. एलोर्दी दारात थांबला. नोरीनच्या कोटाशेजारी.

"आज वास नाही."

"करत नाही मी हल्ली," मर्ल म्हणाला. "बेनात, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी मी एक तुकडा नेला होता," एलोर्दी म्हणाला. "रुमालात बांधून. माइतेसाठी."

मर्लने विचारलं, "खाल्ला तिने?"

"अर्धा."

एवढं बोलून तो गेला. पिकअप फळीखालून बाहेर पडली आणि मर्ल खिडकीतून बघत राहिला, धूळ खाली बसेपर्यंत. एलोर्दीने माफ केलं, की आणखी काही सांगितलं, हे त्याला कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.

रविवारी नोरीनचा फोन आला. हवा कशी आहे. गुडघा कसा आहे. कुणी आलं होतं का?

"आले होते दोघं."

"बसले का?"

"नाही. घाईत होते."

"गोळ्या घेतोस ना?"

"घेतो."

"बरं. ठेवते मग."

"नोरीन," मर्ल म्हणाला. "थांब ना जरा."

"का? काही काम होतं?"

त्याने काहीतरी थाप शोधली, जुन्या सवयीने. मग ती सोडून दिली. "नाही. काम काही नाही. नुसतीच थांब."

पलीकडे नातवाचा टीव्ही लागला होता. कुणीतरी कुणालातरी हाक मारली. ती थांबली होती, की रिसीव्हर टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेली होती, हे इकडून कळायला मार्ग नव्हता. मर्लने फोन कानाशी घट्ट धरला आणि भिंतीला टेकून तो उभा राहिला.

"आहे मी," तो म्हणाला.